माँटगोमेरीची शिळा : अलाबामाच्या न्याय भवनातील दहा आज्ञांचे प्रकरण (२००१–२००४)

३१ जुलै २००१ च्या संध्याकाळी, कार्यालये बंद झाल्यावर, अलाबामा राज्याची राजधानी माँटगोमेरी येथील न्याय भवनाच्या मुख्य दालनात ग्रॅनाइटची एक शिळा बसवण्यात आली. तिच्यावर दहा आज्ञा, म्हणजे ईश्वराने मोझेसला दिल्याचे बायबल सांगते ते दहा नियम, कोरलेल्या होत्या. वजन ५,२८० पौंड, म्हणजे सुमारे २,४०० किलो. बसवून घेणारे होते राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती रॉय मूर. त्याच इमारतीत बसणाऱ्या आठ सहन्यायमूर्तींना याचा पत्ताही नव्हता. फ्लोरिडातील कोरल रिज मिनिस्ट्रीज या ख्रिस्ती प्रचारसंस्थेला मात्र होता. त्या रात्रीचे चित्रीकरण त्यांनीच केले, पुढे त्या चित्रफिती विकल्या आणि आलेला पैसा मूर यांच्या वकिलांच्या खर्चाकडे वळवला.

सरकारी जागेतील धार्मिक प्रतीकांवर अमेरिकेत खटल्यांचा तुटवडा नाही. बहुतेकांत खरी लढाई हेतूवर होते. प्रशासन म्हणते, आम्ही इतिहास दाखवत होतो; विरोधक म्हणतात, तुम्ही धर्म दाखवत होता; आणि न्यायालय जुनी इतिवृत्ते चाळत बसते. माँटगोमेरीत ती वेळच आली नाही. शिळा बसवणाऱ्याने आपला हेतू अनावरणाच्या भाषणात सांगितला आणि शपथेवरही सांगितला. त्यामुळे प्रतीक कुठे ठेवले, कोणी ठरवले, काय बोलून ठेवले आणि न्यायालयाचा आदेश आल्यावर संस्थेने काय केले, हे सगळे या प्रकरणात स्वच्छ दिसते. त्यातही निर्णय कसा घेतला गेला हा भाग सर्वात कमी चर्चिला जातो, आणि आमच्या मते सगळे तिथेच बिनसले.

पार्श्वभूमी

मूर १९९२ मध्ये अलाबामातील एटोवा काउंटीत (जिल्ह्यात), गॅड्सडेन या गावी, सर्किट न्यायाधीश, म्हणजे खालच्या न्यायालयाचे न्यायाधीश, झाले. आपल्या आसनामागच्या भिंतीवर त्यांनी दहा आज्ञांची स्वतः कोरलेली लाकडी पाटी लावली. ज्यूरी बसण्यापूर्वी न्यायकक्षात प्रार्थना होई. १९९५ मध्ये याविरुद्ध दावा दाखल झाला. १९९७ मध्ये राज्यपाल फॉब जेम्स यांनी पाटी काढू देणार नाही, वेळ आली तर नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचे राखीव सैन्य, उभे करू, अशी भाषा केली. १९९८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तांत्रिक मुद्द्यावर प्रकरण निकालात काढले. पाटी योग्य की अयोग्य, याचे उत्तर मिळालेच नाही. मूर यांना मात्र ‘टेन कमांडमेंट्स जज’ हे नाव मिळाले आणि ते त्यांनी निवडणुकीत वापरले. अलाबामात मुख्य न्यायमूर्ती लोकांच्या मतांनी निवडला जातो. नोव्हेंबर २००० मध्ये मूर निवडून आले आणि जानेवारी २००१ मध्ये त्यांनी शपथ घेतली.

तांत्रिक कारणावर संपलेले प्रकरण पुन्हा उगवते, आणि दुसऱ्या वेळी ते मोठे होऊन येते. लाकडी पाटी एका काउंटीच्या एका न्यायकक्षात होती. शिळा सगळ्या राज्याच्या न्यायसंस्थेच्या दारात आली.

शिळेची घडण

शिळा साधारण तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि चार फूट उंच. वरचा पृष्ठभाग उतरता, उघड्या बायबलसारखा, आणि त्यावर दोन पाट्यांच्या आकारात दहा आज्ञा कोरलेल्या. मजकूर बायबलच्या निर्गम या पुस्तकातला, किंग जेम्स या जुन्या इंग्रजी भाषांतरातून घेतलेला. चारही बाजूंना कायद्याच्या आणि इतिहासाच्या चौदा उताऱ्यांची निवड होती : स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातील ‘निसर्गाचे आणि निसर्गाच्या ईश्वराचे कायदे’ हे शब्द, ‘ईश्वरावर आमचा विश्वास’ हे राष्ट्रीय ब्रीदवाक्य, निष्ठेच्या प्रतिज्ञेतील ‘ईश्वराच्या छत्राखाली एक राष्ट्र’, न्यायाधीशाच्या शपथेचा शेवट, अमेरिकेचे एक संस्थापक मॅडिसन आणि इंग्रज विधिपंडित ब्लॅकस्टोन यांची वचने.

बाजूंवरच्या या उताऱ्यांच्या आधारे बचाव उभा राहू शकला असता. कायद्याच्या इतिहासातील ग्रंथ एकत्र मांडले आहेत, आज्ञा त्यातला एक भाग आहेत, असे म्हणता आले असते. पण मूर यांनी स्वतःच ती वाट बंद केली. माणसांचे शब्द ईश्वराच्या शब्दांच्या पातळीवर ठेवता येत नाहीत, म्हणून उतारे मुद्दाम खाली आणि आज्ञा वर, असे त्यांनी स्पष्ट केले. निवडलेले सगळे उतारेही ईश्वराचा उल्लेख करणारेच. इतिहासाचा संदर्भ म्हणून जे मांडले ते वरच्या मजकुराला पुष्टी देण्यापुरतेच उरले.

दुसरी गोष्ट मजकुराच्या आवृत्तीची. दहा आज्ञा सगळ्या परंपरांत एकाच क्रमाने मोजल्या जात नाहीत. ज्यू परंपरेत ‘मी तुझा ईश्वर, ज्याने तुला मिसर देशातून बाहेर आणले’ हे वाक्यच पहिले धरतात. कॅथलिक आणि ल्युथरन परंपरेत मूर्ती न करण्याची आज्ञा पहिल्या आज्ञेत सामावते आणि लोभ न धरण्याच्या आज्ञेचे दोन भाग होऊन दहाची संख्या भरते. इतर बहुतेक प्रोटेस्टंट पंथ मूर्तीची आज्ञा वेगळी, दुसरी, मोजतात. कोणताही मजकूर दगडात कोरायचा म्हणजे यांतला एक निवडावाच लागतो. माँटगोमेरीच्या शिळेवर प्रोटेस्टंट वळणाचा मजकूर होता. ख्रिस्ती बहुसंख्येच्या राज्यात ‘हे तर सर्वांचेच आहे’ असे म्हणणाऱ्यांना या फरकाचे भान अनेकदा नसते. कॅथलिक आणि ज्यू नागरिकांना ते असते.

जागा

न्याय भवनात राज्याचे सर्वोच्च न्यायालय, राज्याची अपील न्यायालये, न्यायप्रशासनाचे कार्यालय आणि राज्याचे विधी ग्रंथालय आहे. शिळा मुख्य दारासमोर, दालनाच्या पलीकडच्या टोकाला, मोठ्या खिडक्यांपुढे ठेवली गेली. खिडक्यांबाहेर कृत्रिम धबधबा. दारातून आत येणाऱ्याची नजर थेट तिच्यावर पडे. लिफ्ट, जिना, ग्रंथालय, स्वच्छतागृह, कुठेही जायचे तर तिच्या जवळून जावे लागे. ज्याला अपील दाखल करायचे आहे त्याला दुसरे भवन नव्हते.

पुढे झालेल्या खटल्याचे संघीय न्यायाधीश मायरन थॉम्पसन यांनी प्रत्यक्ष जागा पाहिली. शिळा आणि तिच्या भोवतीचा भाग हे न्यायालयाच्या भिंतींच्या आत उभे केलेले पवित्र स्थानच आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. अशा प्रकरणात छायाचित्रांवर विसंबू नये याचे हे चांगले उदाहरण. छायाचित्रात दगड दिसतो. दारातून किती पावलांवर नजर अडते, मागून प्रकाश कसा येतो, शेजारी काय आहे आणि काय नाही, आत येणाऱ्याला दुसरी वाट आहे का, हे जागेवर उभे राहूनच कळते.

नाकारलेले अर्ज

दालनात काय ठेवायचे याचा अंतिम अधिकार मुख्य न्यायमूर्तींचा होता. शिळा बसल्यावर एका कृष्णवर्णीय आमदाराने मार्टिन ल्युथर किंग यांचे १९६३ चे वॉशिंग्टनमधील भाषण तिथे लावण्याची परवानगी मागितली. एका निरीश्वरवादी गटाने अणूचे शिल्प ठेवू द्यावे असे म्हटले. दोन्ही विनंत्या फेटाळल्या गेल्या. माणसाचे भाषण ईश्वराच्या प्रकट कायद्याशेजारी ठेवले तर शिळेचा उद्देशच उणावेल, हे आमदाराला दिलेले कारण होते. माँटगोमेरी हे किंग यांच्या बस बहिष्काराचे गाव. त्या गावाच्या न्याय भवनात हे उत्तर लेखी दिले गेले.

नंतर मूर यांनी स्वतः निवडलेले दोन लहान फलक लावले. एकावर किंग आणि गुलामगिरीविरोधी नेते फ्रेडरिक डग्लस यांचे उतारे होते, दुसऱ्यावर अमेरिकेच्या घटनेतील हक्कांची सनद. दोन्ही शिळेपासून दूर आणि तिच्यापुढे नजरेतही न भरणारे. न्यायालयाच्या लेखी त्यांनी चित्र बदलले नाही. आधी बसवायचे आणि आक्षेप आल्यावर आजूबाजूला धर्मनिरपेक्ष वस्तू पेरायच्या, हा उपाय क्वचितच लागू पडतो, कारण तारखा सगळे सांगतात.

दावा आणि निकाल

ऑक्टोबर २००१ च्या अखेरीस राज्यात वकिली करणाऱ्या तिघांनी संघीय न्यायालयात दावे लावले. अमेरिकेत ‘मला हे पटत नाही’ एवढ्यावर दावा उभा राहत नाही. प्रत्यक्ष हानी दाखवावी लागते. या तिघांना व्यवसायासाठी त्या इमारतीत जावेच लागे. शिळेमुळे त्यांच्यातल्या दोघांनी तिथे जाणे शक्य तितके कमी केले, ग्रंथालय टाळण्यासाठी पदरचे पैसे घालून पुस्तके घेण्याची वेळ आली. दाद मागण्याचा अधिकार त्यावर टिकला. जाता-येता एकदा प्रतीक पाहिलेल्या पर्यटकाचा दावा याच ठिकाणी कोसळला असता.

कायद्याचा पाया १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीत आहे : काँग्रेस (अमेरिकेची संसद) कोणत्याही धर्माची स्थापना करणारा कायदा करणार नाही. १९४७ च्या एव्हर्सन निकालापासून हे बंधन राज्यांनाही लागू आहे. २००२ मध्ये अशा प्रकरणांसाठी १९७१ च्या लेमन निकालाची कसोटी वापरली जाई. कृतीला धर्मनिरपेक्ष हेतू हवा, तिचा मुख्य परिणाम धर्माला पुढे नेणारा किंवा मागे खेचणारा नसावा, आणि राज्यसंस्था धर्मात गुंतू नये.

मूर यांचा युक्तिवाद असा : घटनादुरुस्ती ‘काँग्रेस’ आणि ‘कायदा’ यांच्याविषयी आहे; शिळा हा काँग्रेसने केलेला कायदा नव्हे; आणि ‘धर्म’ म्हणजे निर्मात्याप्रती असलेली कर्तव्ये, त्यांची सक्ती शिळा करत नाही. ऑक्टोबर २००२ मधल्या सुनावणीत त्यांनी साक्ष दिली. माणसांच्या व्यवहारांवर ईश्वराचे सार्वभौमत्व आहे हे मान्य करण्यासाठी शिळा उभारली, असे त्यांनी सांगितले. हेतूचा प्रश्न तिथेच मिटला.

१८ नोव्हेंबर २००२ ला थॉम्पसन यांनी निकाल दिला : हेतू धर्मनिरपेक्ष नाही, मुख्य परिणाम धर्माला राज्याचा पाठिंबा दाखवणारा आहे, शिळा हटवावी. निकालात एक मर्यादा जपून घातली आहे. दहा आज्ञा सरकारी जागेत कधीच दाखवता येणार नाहीत, असे न्यायालयाने म्हटले नाही. आज्ञांचे ऐतिहासिक आणि शैक्षणिक महत्त्व मांडण्यापुरतीच कृती असती, तर आपल्यापुढे फार वेगळे प्रकरण असते, हे थॉम्पसन यांनी नोंदवले. त्या काळच्या बऱ्याच बातम्यांत हा भाग गळून पडला आणि ‘न्यायालयाने बायबलवर बंदी घातली’ अशी समजूत पसरली. वैध मार्ग कोणता, हे निकाल सांगत होता. तो मार्ग मूर यांना नको होता.

अटलांटातील अकराव्या सर्किटच्या संघीय अपील न्यायालयाने १ जुलै २००३ ला निकाल एकमताने कायम केला. तो लिहिणारे न्यायमूर्ती एड कार्न्स हे अलाबामाचेच, कर्मठ उजव्या वळणाचे म्हणून ओळखले जाणारे. त्यांनी मूर यांचा तर्क शेवटपर्यंत ताणून दाखवला. हे मान्य केले तर कोणत्याही सरकारी इमारतीच्या माथ्यावर क्रूस, ज्यूंचा मेनोरा हा शाखादीप किंवा बुद्धाची मूर्ती बसू शकेल; कोणती, ते त्या वेळी खुर्चीवर असलेल्या अधिकाऱ्याच्या मतावर ठरेल. शिवाय मूर यांची भूमिका त्यांनी मिसिसिपीचे रॉस बार्नेट आणि अलाबामाचे जॉर्ज वॉलेस यांच्या ओळीत बसवली. वंशभेदाच्या काळात संघीय न्यायालयांचे आदेश धुडकावू पाहणारे हे राज्यपाल. अलाबामात वॉलेस यांचे नाव घेण्याचा अर्थ सर्वांना कळत होता.

ऑगस्ट २००३

५ ऑगस्टला थॉम्पसन यांनी अपिलामुळे आदेशाला दिलेली स्थगिती उठवली आणि २० ऑगस्टच्या मध्यरात्रीपर्यंत मुदत दिली. आदेश मोडल्यास दररोज ५,००० डॉलरच्या दंडाचा इशारा होता, आणि तो मूर यांच्या खिशातून नव्हे तर राज्याच्या तिजोरीतून जाणार होता. १४ ऑगस्टला मूर यांनी आदेश पाळणार नाही असे जाहीर केले. भवनाबाहेर समर्थक जमले, गुडघे टेकून प्रार्थना करू लागले. २० तारखेला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप नाकारला.

यानंतर जे घडले ते फारसे सांगितले जात नाही, आणि प्रकरणाचा खरा गाभा आमच्या मते तोच. संघीय मार्शल, म्हणजे संघीय न्यायालयांचे आदेश अमलात आणणारे अधिकारी, पाठवण्याची वेळ आली नाही. २१ ऑगस्टला आठही सहन्यायमूर्तींनी एकमताने मूर यांचा प्रशासकीय निर्णय फिरवला. अलाबामाच्या संहितेतील कलम १२-५-२० नुसार मुख्य न्यायमूर्तींचा प्रशासकीय आदेश सहन्यायमूर्तींच्या बहुमताने बदलता येतो. त्या कलमाचा आधार घेऊन त्यांनी इमारतीच्या व्यवस्थापकाला संघीय आदेशाचे शक्य तितक्या लवकर पालन करण्यास सांगितले. यांतले अनेक जण स्वतः धार्मिक, निवडून आलेले, त्याच मतदारांना उत्तर देणारे होते. राज्याचे अॅटर्नी जनरल बिल प्रायर यांचा दहा आज्ञा लावण्याला वैयक्तिक पाठिंबा होता, तरीही अंतिम आदेश पाळलाच पाहिजे ही भूमिका त्यांनी सोडली नाही.

२२ ऑगस्टला न्यायिक चौकशी आयोगाने तक्रार दाखल केली आणि मूर आपोआप निलंबित झाले. २७ ऑगस्टला कामगारांनी शिळा जॅकने उचलून दालनातून हलवली आणि आतल्या, लोकांना न दिसणाऱ्या खोलीत नेऊन ठेवली. फोडणे नाही, झाकणे नाही. आदेश सार्वजनिक दालनापुरता होता, तितकाच पाळला गेला. भावना भडकलेल्या असताना अंमलबजावणी आदेशाच्या शब्दांपुरती ठेवणे फार महत्त्वाचे असते. जास्तीचे काही केले की नवा वाद आणि नवे हुतात्मे तयार होतात.

१३ नोव्हेंबर २००३ ला राज्याच्या न्यायिक शिस्त न्यायालयाने, नऊ सदस्यांच्या एकमताने, मूर यांना पदावरून दूर केले. फिर्यादीची बाजू प्रायर यांनी मांडली. आरोप श्रद्धेविषयी नव्हता, आदेश जाणूनबुजून मोडल्याचा होता. ज्याच्या हुकमांवर सगळ्या राज्याने चालायचे तोच वरच्या न्यायालयाचा हुकूम मानत नसेल तर पक्षकाराने का मानावा, हा त्यातला साधा प्रश्न. अपिलासाठी सहकारी न्यायमूर्ती बाजूला झाले. निवृत्त न्यायमूर्तींतून चिठ्ठ्या टाकून विशेष पीठ नेमले गेले आणि त्याने एप्रिल २००४ मध्ये बडतर्फी कायम केली. वादींच्या वकिलांचा सुमारे साडेपाच लाख डॉलरचा खर्च राज्याला भरावा लागला. शिळेसाठी करदात्यांचा पैसा वापरला नव्हता, पण तिच्या बचावाचा हिशेब शेवटी त्यांच्याच माथी आला. जुलै २००४ मध्ये शिळा भवनाबाहेर गेली आणि ट्रकवर चढवून गावोगाव फिरवली गेली. खासगी मालकीची वस्तू खासगी लोकांनी मिरवली, त्याला कायद्याचा कसलाच अडसर नव्हता.

टेक्सास आणि केंटकी

२७ जून २००५ ला, एकाच दिवशी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दहा आज्ञांचे दोन निकाल दिले, दोन्ही ५ विरुद्ध ४. टेक्सासमधील ऑस्टिनच्या विधिमंडळ आवारातला सहा फूट उंच स्तंभ राहू दिला. केंटकीच्या मॅक्रीरी काउंटीतील न्यायालयात लावलेल्या चौकटी अमान्य केल्या. दोन्हीकडे बहुमतात असलेले एकमेव न्यायमूर्ती म्हणजे स्टीफन ब्रेयर.

टेक्सासचा स्तंभ फ्रॅटर्नल ऑर्डर ऑफ ईगल्स या संघटनेने १९६१ मध्ये दिलेला. बावीस एकरांच्या आवारात सतरा स्मारके आणि एकवीस ऐतिहासिक फलक, त्यातला तो एक. चाळीस वर्षे त्यावर खटला झाला नव्हता. केंटकीत १९९९ मध्ये आज्ञा लागल्या, दावा होताच आजूबाजूला इतर कागद आले, मग तिसऱ्यांदा मांडणी बदलली. बहुमताने ती धडपड हेतूचा पुरावा मानली. माँटगोमेरीची शिळा या दोन्हींपेक्षा कितीतरी पुढे होती : नवी, एकटी, मोक्याच्या जागी, घोषित धार्मिक हेतूने, एका माणसाच्या निर्णयाने.

आपल्याकडे राज्यघटनेत धर्मस्थापनेला मनाई करणारे असे कलम नाही. अनुच्छेद २७ एखाद्या धर्माच्या प्रसारासाठी कर वसूल करण्याला अटकाव करतो, पण प्रतीकांच्या प्रश्नाचा आपला साचा वेगळाच आहे. त्यामुळे अमेरिकी निकाल उचलून इथे लावता येत नाहीत. एका बाबतीत मात्र तुलना अटळ आहे. राजस्थान उच्च न्यायालयाच्या जयपूर येथील आवारात १९८९ मध्ये मनूचा पुतळा बसला. त्याच वर्षी न्यायमूर्तींच्या पूर्ण सभेने तो हटवण्याचे ठरवले, पण याचिकेवर स्थगिती मिळाली आणि प्रश्न दशकानुदशके लोंबकळत राहिला. ऑक्टोबर २०१८ मध्ये औरंगाबादहून गेलेल्या दोन महिलांनी त्या पुतळ्याला काळे फासले. ज्या समाजाचे नेते डॉ. आंबेडकर यांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन केले, त्या समाजातल्या पक्षकाराला न्यायालयाच्या आवारात तो पुतळा काय सांगतो, हे वेगळे समजवायला नको. माँटगोमेरीत सहन्यायमूर्तींचा ठराव सहा दिवसांत अमलात आला. जयपुरात तो कागदावर राहिला.

आज हे प्रकरण कसे तपासले जाईल

कसोटी बदलली आहे. २०१९ मध्ये, मेरीलँडमधील ब्लेडन्सबर्गच्या युद्धस्मारकाच्या क्रूसाबाबत, सर्वोच्च न्यायालयाने जुन्या स्मारकांना वैधतेच्या गृहीतकाचा आधार दिला. जून २०२२ मध्ये केनेडी विरुद्ध ब्रेमर्टन निकालात लेमनची कसोटी सोडून दिली गेली आणि ‘ऐतिहासिक प्रथा व समज’ हा आधार पुढे आला. आज मूर यांच्या वकिलाला २००२ पेक्षा बराच जास्त वाव मिळाला असता. पण जुन्या स्मारकांचे गृहीतक नव्या शिळेला लागू पडत नाही, आणि सामान्य पक्षकाराला टाळता न येणाऱ्या जागी राज्याच्या सर्वोच्च न्यायाधीशाने एका पंथाचा मजकूर ईश्वराचा कायदा म्हणून उभा करणे, हा धर्मस्थापनेला मनाई करण्यामागच्या मूळ चिंतेच्या अगदी जवळ जाणारा प्रकार आहे. आदेश मोडल्याचा, अवमानाचा भाग तर कोणत्याही कसोटीवर तसाच राहतो.

अशा प्रकरणाची फाइल हाती येते तेव्हा आधी पाहावी ती निर्णयाची नोंद. प्रस्ताव कोणी मांडला, कोणत्या बैठकीत, कोणाच्या सहीने, इतर सदस्यांना सूचना गेली का. माँटगोमेरीत या रकान्यांपुढे एकच नाव होते. सह्या एकट्याच्या असल्या की न्यायालयाला संस्थेचा हेतू शोधावा लागत नाही. त्या माणसाची भाषणे पुरतात. म्हणून दुसरी पाहायची गोष्ट म्हणजे अनावरणाचे भाषण, निमंत्रणपत्रिका आणि प्रसिद्धिपत्रक. त्यात ‘पुन्हा प्रस्थापित’, ‘ईश्वराकडे परत’ असे शब्द असतील, तर नंतरच्या प्रतिज्ञापत्रातला इतिहास कोणी मानत नाही. मग दालनात काय ठेवायचे याचे लेखी निकष आहेत का, आणि दुसऱ्या कोणी अर्ज केल्यावर तेच निकष लावले का. नाकारलेल्या अर्जांची उत्तरे नीट वाचावीत. नकाराच्या कारणात हेतू अगदी उघड होतो. देणगीदाराकडून वस्तू घेतली असेल तर मालकी कोणाची, देखभाल कोणाची आणि ती हलवायची झाल्यास खर्च कोणाचा, हे देणगीपत्रात आहे का ते पाहावे. २००९ च्या प्लेझंट ग्रोव्ह विरुद्ध समम निकालानंतर सरकारने स्वीकारलेले कायमचे स्मारक हे सरकारचेच बोलणे मानले जाते, त्यामुळे ‘आम्ही फक्त जागा दिली’ हा बचाव आता राहिलेला नाही.

आणि शेवटची गोष्ट : निर्णय फिरवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, ते आधीच माहीत असावे. कलम १२-५-२० नसते तर अलाबामात दंड वाढत गेला असता, किंवा संघीय मार्शल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात शिरले असते. त्या दृश्याची वाट पाहणारे लोक बाहेर पायऱ्यांवर होतेच.

नोव्हेंबर २०१८ मध्ये अलाबामाच्या मतदारांनी, सुमारे ७२ टक्के मतांनी, राज्यघटनेत दुरुस्ती करून सार्वजनिक मालमत्तेवर दहा आज्ञा लावण्यास परवानगी दिली. मांडणी घटनात्मक अटींत बसली पाहिजे, त्यासाठी आज्ञा ऐतिहासिक किंवा शैक्षणिक वस्तूंसोबत मांडता येतील, असे त्या दुरुस्तीत म्हटले आहे. तिच्या वैधतेच्या बचावासाठी सार्वजनिक निधी खर्च करता येणार नाही, ही अटही तिच्यातच आहे.